युद्धात गेलेल्या तरुण वैमानिकाचे चरित्र कसे लिहावे

एकोणिसाव्या किंवा बाविसाव्या वर्षी युद्धात गेलेल्या वैमानिकाचे चरित्र लिहायला घेतले की पहिली अडचण ही येते की, हाती लागणारे बहुतेक कागद त्याच्या मृत्यूविषयीचे असतात. घरी आलेली तार, वरिष्ठांचे सांत्वनपत्र, शौर्यपदकाचे प्रशस्तिपत्र, कबरीची नोंद, वर्तमानपत्रातील चार ओळी हे सगळे शेवटच्या दिवसानंतरचे असते. शाळेतला मुलगा कसा होता, त्याला विमानाचे वेड केव्हा लागले, घरच्यांनी त्याला जाऊ कसे दिले, याबद्दल सरकारी दप्तरात फारसे काही सापडत नाही. म्हणून मृत्यूची हकिकत नेमकी लावणे हे या कामाचे अर्धेच अंग आहे. दुसरे अर्धे म्हणजे त्याचे जगणे शोधून काढणे, आणि माझ्या मते तेच अधिक मोलाचे आहे. हे काम कसे करावे ते पुढे सांगतो. उदाहरणासाठी मुख्यतः इंद्रलाल रॉय या पहिल्या महायुद्धातील बंगाली वैमानिकाचे चरित्र घेतले आहे, कारण त्याच्याबाबत वाचकाला पडताळून पाहता येईल असे बरेच काही उपलब्ध आहे.

आधी तारखांचा तक्ता

लिहायला लागण्यापूर्वी एका वहीत तीन रकाने आखावेत: तारीख, घटना आणि ती कोठून कळली. तिसरा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण सहा महिन्यांनी तोच उपयोगी पडतो. रॉयचा तक्ता असा होईल. जन्म २ डिसेंबर १८९८, कोलकाता. शिक्षण लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत. ५ जुलै १९१७ रोजी रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये, म्हणजे ब्रिटिश सैन्याच्या तेव्हाच्या हवाई शाखेत, सेकंड लेफ्टनंट. ऑक्टोबर १९१७ च्या अखेरीस फ्रान्समध्ये ५६ व्या स्क्वाड्रनमध्ये दाखल. ६ डिसेंबर १९१७ रोजी विमान कोसळून गंभीर जखमी. जून १९१८ मध्ये ४० व्या स्क्वाड्रनमध्ये पुन्हा आघाडीवर. ६ जुलै ते १९ जुलै १९१८ या काळात दहा हवाई विजय. २२ जुलै १९१८ रोजी उत्तर फ्रान्समधील कार्व्हँवर जर्मन विमानांशी झालेल्या चकमकीत मृत्यू. वय वर्षे एकोणीस.

तक्ता डोळ्यांसमोर आला की त्यातील मोकळ्या जागा दिसू लागतात. डिसेंबर १९१७ ते जून १९१८ या सहा महिन्यांत काय झाले? जखमी मुलगा इंग्लंडला परत आला होता, वैद्यकीयदृष्ट्या उड्डाणास अपात्र ठरला होता, तरीही अधिकाऱ्यांच्या मागे लागून त्याने पुन्हा विमान मिळवले. या काळात त्याने विमानांची पुष्कळ रेखाचित्रे काढली. चरित्रकाराने सर्वाधिक वेळ अशाच जागी घालवावा, कारण तेरा दिवसांच्या पराक्रमाबद्दल सगळेच लिहितात, पण मरणाच्या दारातून परतलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला पुन्हा त्याच यंत्रात बसावेसे का वाटले, हा त्याच्या आयुष्यातील खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर असलेच तर ते या सहा महिन्यांत आहे.

घरापासून सुरुवात

वैमानिक तुमच्या घरातला किंवा गावातला असेल तर दिल्ली-लंडनला पत्रे धाडण्याआधी माळ्यावरची ट्रंक उतरवावी. तीत लॉगबुक सापडले तर अर्धे चरित्र सापडले असे समजावे. लॉगबुकात प्रत्येक उड्डाणाची तारीख, विमानाचा प्रकार आणि क्रमांक, सोबत कोण होते, कामगिरी कोणती आणि हवेत किती वेळ गेला, एवढे ओळीने लिहिलेले असते व महिन्याच्या शेवटी बेरीज करून वरिष्ठाची सही घेतलेली असते. पहिले एकट्याने केलेले उड्डाण कोणत्या दिवशी झाले ते शोधावे, कारण वैमानिकाच्या आयुष्यात त्या दिवसाचे महत्त्व वाढदिवसाहून कमी नसते. रात्रीची उड्डाणे कधी सुरू झाली, विमानाचा प्रकार कधी बदलला, मधेच पंधरा दिवस कोरे का आहेत, हे सगळे पाहावे. कोरे दिवस म्हणजे कधी रजा, कधी आजारपण, कधी खराब हवामान. त्याच तारखांची पत्रे शेजारी ठेवली की उलगडा होतो.

छायाचित्र नुसते पाहू नये, वाचावे. छातीवर पंखांचे चिन्ह आहे का, खांद्यावर किंवा बाहीवर हुद्द्याच्या पट्ट्या किती, मागे स्टुडिओचा शिक्का कोणत्या गावचा, यांवरून फोटोचे साल बऱ्याचदा ठरवता येते. पंख नसलेला गणवेशातील फोटो प्रशिक्षण पुरे होण्यापूर्वीचा असण्याचा संभव मोठा. जुने कागद सेलोटेपने चिकटवू नयेत, लॅमिनेट तर मुळीच करू नयेत. दोन्ही बाजूंचे स्कॅन काढून मूळ कागद तसेच ठेवावेत. पत्राच्या पाकिटावरचा पोस्टाचा शिक्काही स्कॅन करावा, कारण सेन्सॉरच्या भीतीने वैमानिक पत्रात ठिकाण लिहीत नसत.

घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलताना भावनांविषयी थेट विचारू नये. "आजी, ते गेले तेव्हा तुम्हाला काय वाटले?" या प्रश्नाला आजी काय उत्तर देणार? त्यापेक्षा "आजी, दादांना घरी काय म्हणून हाक मारायचे? सुट्टीवर आले की पहिल्यांदा कोणाकडे जायचे? त्यांचे अक्षर कसे होते? तार आली तेव्हा दाराशी कोण होते?" असे विचारावे. वस्तू, जागा आणि सवयी यांना धरून आठवणी येतात आणि त्या आल्या की बाकीचे आपोआप निघते. ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी परवानगी घ्यावी आणि काय छापायचे नाही हेही त्यांनाच ठरवू द्यावे. वैमानिकाच्या पत्नीचे किंवा वाग्दत्त वधूचे आयुष्य पुढे वेगळ्या वाटेने गेलेले असू शकते. तिच्या संमतीखेरीज तिचे नाव आणि तिची पत्रे छापण्याचा अधिकार आपल्याला नाही.

रॉयच्या बाबतीत घराचा शोध फार फलदायी आहे. त्याची आई लोलिता रॉय लंडनमधील स्त्री-मताधिकाराच्या चळवळीत होती आणि १७ जून १९११ रोजी निघालेल्या मिरवणुकीतील भारतीय स्त्रियांच्या तुकडीचे जे छायाचित्र प्रसिद्ध आहे, त्यात ती आहे. थोरला भाऊ परेशलाल यानेही महायुद्धात सैन्यात सेवा केली आणि पुढे भारतात मुष्टियुद्धाचा पाया घातला. अशा घरातला धाकटा मुलगा काय ऐकत मोठा झाला असेल, याचा अंदाज लष्करी दप्तरातून कधीच येत नाही. आईच्या सार्वजनिक आयुष्याचे कागद, शाळेची वार्षिके आणि भावंडांच्या आठवणी यांतून तो येतो.

सरकारी कागद

पहिल्या महायुद्धातील भारतीय वैमानिक ब्रिटिश सेवेत होते, त्यामुळे त्यांचे कागद मुख्यतः लंडनजवळील क्यू येथील नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. १ एप्रिल १९१८ रोजी रॉयल एअर फोर्स स्थापन झाली. तिच्या अधिकाऱ्यांच्या सेवानोंदी 'एअर ७६' या मालिकेत आणि त्या काळच्या स्क्वाड्रनची कागदपत्रे 'एअर १' या मालिकेत पाहावीत. दुसऱ्या महायुद्धासाठी 'एअर २७' ही मालिका महत्त्वाची, कारण तीत प्रत्येक स्क्वाड्रनची रोजची कामगिरी नोंदवलेली आहे. लढतीचे वैयक्तिक अहवाल 'एअर ५०' मध्ये मिळतात. अधिकाऱ्यांच्या नेमणुका आणि पदके यांसाठी 'लंडन गॅझेट' हे ब्रिटिश सरकारचे राजपत्र फुकट पाहता येते. मृत्यू आणि कबर यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या युद्धकबरींची देखभाल करणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावरील शोध वापरावा. तेथे नुसते नाव पाहून थांबू नये. खाली जोडलेली मूळ कागदपत्रे उघडावीत. कबर नंतर हलवली गेली का, आधी ती कोणत्या खुणेने ओळखली जात होती, शिळेवरचा मजकूर कोणी निवडला, हे त्यांत असते. पहिल्या महायुद्धानंतर कुटुंबीयांना शिळेसाठी ६६ अक्षरांपर्यंतचा मजकूर देता येत असे. एवढ्या मोजक्या अक्षरांत घराने काय सांगितले, हा चरित्रासाठी पहिल्या दर्जाचा पुरावा आहे. एस्तेव्हेल येथील रॉयच्या कबरीवर बंगाली अक्षरे आहेत. फ्रान्समधल्या एका खेड्याच्या दफनभूमीत ती कोरून घेणाऱ्या घराचा स्वभाव त्यातून कळतो.

ज्यांची कबरच नाही अशांची नावे स्मारकांवर असतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन व वायव्य युरोपातील मोहिमांतून न परतलेल्या २०,००० हून अधिक हवाई सैनिकांची नावे इंग्लंडमधील रनीमीड स्मारकावर आहेत. पुण्याजवळ खडकी येथे युद्ध दफनभूमी आहे. महाराष्ट्रातील अभ्यासकाने निदान एकदा तेथे जाऊन शिळा कशी वाचायची ते शिकावे. दलाचे चिन्ह, सेवाक्रमांक, हुद्दा, नाव, तारीख, वय, धर्मचिन्ह आणि तळाशी घरच्यांचा मजकूर हा क्रम एकदा अंगवळणी पडला की कमिशनच्या इतर दफनभूमींतल्या शिळांचे फोटोही सहज वाचता येतात.

स्वातंत्र्यानंतरच्या वैमानिकांसाठी वाट वेगळी आहे. दिल्लीचे राष्ट्रीय युद्ध स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुले झाले. त्याच्या त्यागचक्राच्या भिंतींवर नावे कोरलेली आहेत. संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावर प्रशस्तिपत्रे मिळतात. २०२१ च्या धोरणानुसार २५ वर्षांहून जुने लष्करी दस्तऐवज तज्ज्ञांकडून तपासून राष्ट्रीय अभिलेखागारात जायचे आहेत, तेव्हा तेथे वेळोवेळी विचारणा करावी. महाराष्ट्रात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे कुटुंबांची माहिती असते. चौकशी वारसदारांच्या नावाने आणि लेखी करावी, म्हणजे उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. मुंबईच्या मुलाविषयी शोधताना एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील पुराभिलेखागार आणि जुन्या वर्तमानपत्रांचे संग्रह सोडू नयेत.

नावाची रूपे

आपल्याकडच्या नावांचा परकीय कागदांत जो चुराडा होतो, त्याने अनेक शोध अर्ध्यावर थांबतात. मुंबईचे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर हे ब्रिटिश हवाई दलातील पहिल्या मोजक्या भारतीय वैमानिकांपैकी एक. २३ व्या स्क्वाड्रनमधून सॉपविथ डॉल्फिन विमान घेऊन गेलेले वेलिणकर २७ जून १९१८ रोजी परतले नाहीत. जर्मनांनी उभारलेल्या एका कबरीच्या खुणेवर 'वुमकर' असे नाव होते आणि त्या नावाचा अधिकारी ब्रिटिशांच्या यादीत कोठेच नव्हता. ती कबर वेलिणकरांची हे युद्धानंतरच्या तपासातून ठरले. आज ते फ्रान्समधील हाँगार येथे विसावले आहेत आणि नोंदीत मृत्युदिनांक ३० जून आहे. २७ आणि ३० यांच्या मधले तीन दिवस ते जखमी अवस्थेत शत्रूच्या हाती होते. नाव चुकलेले राहिले असते तर हे तीन दिवस त्यांच्या आयुष्यातून कायमचे पुसले गेले असते.

म्हणून शोध सुरू करताना नावाची जितकी रूपे सुचतील तितकी लिहून काढावीत: आडनाव आधी, आडनाव शेवटी, वडिलांचे नाव आडनाव म्हणून, 'व'च्या जागी दोन वेगळी इंग्रजी अक्षरे, 'ण' गाळून, जर्मन किंवा फ्रेंच कारकुनाच्या कानाने. १९७१ च्या युद्धात ५ डिसेंबर रोजी बेपत्ता झालेले फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांच्याबाबत पकडलेल्या वैमानिकांच्या बातमीत छापलेले 'टॉम्बे' हे नाव घरच्यांच्या दीर्घ शोधाचा एक आधार ठरले. अशा प्रकरणात आणखी एक काळजी घ्यावी. ज्यांचा मृत्यू कागदोपत्री गृहीत धरलेला आहे, त्यांच्याबद्दल 'बेपत्ता' हाच शब्द वापरावा आणि गृहीत कोणी, केव्हा धरले ते लिहावे. वाट पाहणाऱ्या घराला आपल्या लेखातून निकाल ऐकवू नये.

नऊ की दहा

दोन कागद एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा काहीजण सोयीचा आकडा घेऊन पुढे जातात. त्याऐवजी दोन्ही मांडावेत. रॉयला मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. सप्टेंबर १९१८ च्या गॅझेटमधील प्रशस्तिपत्रात तेरा दिवसांत शत्रूची नऊ विमाने असे म्हटले आहे. त्याच्या नावावर सर्वत्र मोजले जातात ते दहा विजय, त्यांपैकी दोन इतरांसोबत वाटून घेतलेले. शिवाय त्या काळच्या ब्रिटिश मोजणीत 'विजय' म्हणजे प्रत्येक वेळी जमिनीवर कोसळलेले विमान नव्हे. ताबा सुटून गिरक्या घेत खाली जाताना दिसलेले विमानही त्यात धरत. त्यातले एखादे खाली जाऊन सावरले असण्याची शक्यता राहतेच. हे लिहिल्याने रॉयचे शौर्य तिळमात्र कमी होत नाही. उलट वाचकाला लेखकावर विश्वास ठेवायला कारण मिळते. जन्मतारखांचेही असेच. परमवीर चक्र मिळालेले फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांचे जन्मवर्ष कोठे १९४३, तर कोठे १९४५ आढळते. पुरावा मिळेपर्यंत दोन्ही वर्षे द्यावीत.

ऐकीव गोष्टींना वेगळा नियम लावावा. डिसेंबरच्या अपघातानंतर रॉयला मृत समजून शवागारात ठेवले होते आणि शुद्धीवर येऊन त्याने दार ठोठावले, असे सांगतात. दृष्टी अधू म्हणून आधी नाकारला गेल्यावर त्याने मोटारसायकल विकून मोठ्या नेत्रतज्ज्ञाकडून तपासणी करून घेतली, असेही सांगतात. या गोष्टी टाकून देऊ नयेत, कारण त्याला ओळखणाऱ्यांच्या मनात त्याची जी मूर्ती होती ती त्यांत आहे. मात्र गॅझेटमधल्या नोंदीच्या शेजारी त्याच सुरात त्या लिहू नयेत. 'असे सांगतात' हे दोन शब्द तेथे अवश्य ठेवावेत.

शत्रूपक्षाचे कागद शक्य तेथे जरूर पाहावेत. ७ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानच्या सरगोधा हवाई तळावरील हल्ल्यातून स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोप्पय्या देवय्या परतले नाहीत, आणि त्यांचे काय झाले हे आपल्या बाजूला बरीच वर्षे ठाऊक नव्हते. आपल्या मिस्टेअर विमानाने त्यांनी अधिक वेगवान स्टारफायटर पाडले, हे पाकिस्तानी बाजूच्या हकिकतीतून उलगडले आणि १९८८ मध्ये त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. पहिल्या महायुद्धाच्या बाबतीत दोन्ही बाजूंच्या नोंदी ताडताना घड्याळ सांभाळावे. १९१८ च्या उन्हाळ्यात जर्मन वेळ ब्रिटिश वेळेच्या एक तास पुढे होती आणि हे विसरले की एकच चकमक दोन वाटू लागते.

यंत्र, आकाश आणि शेवट

विमान समजून घेतल्याशिवाय वैमानिक समजत नाही. रॉयचे एस.ई.५ए हे एका आसनाचे, उघड्या बैठकीचे, दुहेरी पंखांचे विमान होते. एक मशीनगन नाकावर होती आणि दुसरी वरच्या पंखावर बसवलेली. तिची गोळ्यांची थाळी बदलायची तर वैमानिकाला बंदूक रुळावरून खाली ओढून, वाऱ्याच्या झोतात हात वर करून, गुडघ्यांत दांडा धरून ते करावे लागे, आणि तेही शत्रू मागे असताना. ब्रिटिश वैमानिकांना तेव्हा हवाई छत्री दिली जात नसे. एवढी माहिती वाचकाला दिली की 'शूर' हे विशेषण वारंवार वापरण्याची गरज उरत नाही. अशी माहिती लढाईच्या प्रसंगात कोंबू नये. प्रशिक्षणाच्या प्रकरणात ती सावकाश द्यावी, म्हणजे पुढे चकमक येईल तेव्हा वाचक तयार असेल.

मृत्यूचे प्रकरण लहान असावे. काय माहीत आहे तेवढे लिहावे: तारीख, ठिकाण, कोणत्या तुकडीशी गाठ पडली, सोबत्यांनी काय पाहिले, कागद कोठे संपतो. रॉयबाबत २२ जुलै, कार्व्हँचे आकाश आणि २९ व्या जर्मन यास्टाची, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकडीची, फोकर डी.७ विमाने एवढे भक्कम आहे. त्याच्या मनात शेवटच्या क्षणी काय आले, आईचे स्मरण झाले का, हे कोणालाही ठाऊक नाही, आणि ते रचून लिहिणे म्हणजे ज्याला आता 'नाही' म्हणता येत नाही त्याच्या तोंडी आपले शब्द घालणे होय. त्याच्या हातची पत्रे असतील तर तीच उतरवावीत, शुद्धलेखन न सुधारता. त्या मुलाने ज्याच्याशी लढत दिली तोही बहुधा त्याच वयाचा होता. त्याचे नाव कळल्यास द्यावे आणि त्याच्याविषयी सूडाच्या भाषेत लिहू नये.

मृत्यूनंतरची हकिकत मात्र तपशिलाने लिहावी, कारण ती घराची हकिकत आहे. तार कोणत्या दिवशी आली, आधी 'बेपत्ता' आणि मग 'मृत' असे दोन टप्पे होते का, सामानाची पेटी केव्हा परत आली आणि तिच्या यादीत काय काय होते, पदक कोणी स्वीकारले, गावात शाळेला किंवा रस्त्याला नाव दिले का, हे सगळे त्यात यावे. सामानाची यादी मिळाली तर ती जशीच्या तशी छापावी. दाढीचे सामान, दोन पुस्तके, एक टेनिसची रॅकेट, पैसे किती उरले, यांतून तो मुलगा कसा राहत होता हे दहा पानांच्या वर्णनाहून अधिक कळते.

मसुदा पुरा झाला की तो आधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला वाचून दाखवावा आणि नंतर हवाई दलात काम केलेल्या एखाद्या निवृत्त माणसाला द्यावा. पहिला नाती आणि हाका दुरुस्त करील, दुसरा हुद्दे आणि विमाने. अभिलेखागाराच्या प्रत्येक कागदाचा मालिका-क्रमांक, धारिका-क्रमांक आणि पाहिल्याची तारीख आपल्या वहीत राहू द्यावी. छापील प्रतीसोबत स्कॅनचा एक संच घरात, एक गावच्या किंवा शाळेच्या ग्रंथालयात आणि एक त्या स्क्वाड्रनच्या माजी सैनिकांकडे ठेवावा. कमिशनच्या किंवा पुरस्कारांच्या नोंदीत चूक आढळली असेल, तर पुराव्याच्या प्रतीसह त्यांना लेखी कळवावे. पुरेसा पुरावा असेल तर कमिशन नोंद दुरुस्त करते.